दोन जेवणांमधलं बंगळूर

"मंजू, येत्या रविवारी मी तुझ्याकडे येऊन राहिलो," बाबा फोनवर म्हणाले. "सकाळी घरून जेवून निघतो, अन् रात्रीच्या जेवणाला घरी परत."

मी कणीक मळत होते. कान आणि खांदा यांच्यात धरलेला फोन परातीत पडायचाच बाकी राहिला.

"बाबा, तुम्ही नागपुरातच आहात ना?"

"मग कुठं असणार?"

"आणि मी बंगळूरला आहे."

"मला भूगोल शिकवून राहिली का?" बाबा म्हणाले. "सरळ विमान सुरू झालं आहे. हवाई अंतर नऊशे किलोमीटर, वेळ एक तास चाळीस मिनिटं. तेवढ्यात तुझ्या आईचा बर्डीवरचा बाजारही होत नाही. दोन जेवणांच्या मधे बंगळूर आरामात बसतं."

यातला जेवणाचा हिशेब इतरांना विचित्र वाटेल. मला तो लगेच कळला आणि कळल्याबरोबर टोचला.

आमच्या घरात एक नियम होता. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही. पाणीसुद्धा नाही. पूर्वी हा नियम पुष्कळ घरांत होता, मग हळूहळू सगळीकडून गेला. आमच्याकडे तो बाबांमुळे टिकला. गंमत म्हणजे बाबा एरवी कुठल्याच रूढीच्या वाटेला जात नसत. उपास करत नसत, माझ्या लग्नात त्यांनी मानपान साफ बंद ठेवले आणि माझी पत्रिका तर कधी उघडूनही पाहिली नाही. स्थळं यायला लागली तेव्हा आई पत्रिका काढायची आणि बाबा नकाशा काढायचे. सारी हयात शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. नागपूरवर दोऱ्याचं एक टोक धरायचं, मुलाच्या गावावर दुसरं, आणि मग दोरा पट्टीवर ठेवून निकाल द्यायचा. अमरावती उत्तम. नाशिक चालेल. कोल्हापूर जरा विचार करू.

मुकुंद सोलापूरचा. सोलापूरला दोरा लावून बाबांनी होकार दिला, आणि लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच मुकुंदची नोकरी बंगळूरला गेली. बाबांनी पुन्हा नकाशा काढला म्हणे. आई सांगते, दोरा खाली खाली जात राहिला आणि बाबांचा चेहराही.

रेल्वेनं आमच्याकडे यायचं म्हणजे जवळपास अख्खा दिवस लागायचा. इतका प्रवास करून आलेला माणूस न जेवता, न पाणी पिता परत कसा फिरणार? म्हणून पाच वर्षांत आईबाबा एकदाही आले नव्हते. मी माहेरी जायचे, पोटभर जेवायचे, आणि निघताना आई म्हणायची, "पुढच्या वेळी आम्हीच येतो, जेवायलाच येतो." त्यातली अट ती उच्चारत नसे. उच्चारायची गरजही नव्हती.

"आई येतेय का?" मी विचारलं.

"तिला विमानाची भीती वाटते. अन् ती म्हणते, लेकीच्या दारातून उपाशी परत येण्यापेक्षा न गेलेलं बरं." मग म्हणाले, "मला मात्र तुझं घर पाहायचं आहे."

मी म्हटलं, या. फोन ठेवला आणि कणकेत हात तसाच घालून उभी राहिले.

बाबांना जे माहीत नव्हतं ते असं, की आदल्याच महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला आणि मुकुंदला समोर बसवून नीट समजावून सांगितलं होतं. आम्हाला मूल होणार नव्हतं. रडून झालं होतं, मुकुंदच्या आईला सांगून झालं होतं, आमची आम्ही समजूतही घातली होती. नागपूरला मात्र कळवलं नव्हतं. कारण ते कळवलं की आणखी एक गोष्ट कायमची ठरून जाणार होती: बाबा माझ्या घरी माझ्या हातचं कधीच जेवणार नव्हते. एवढ्या मोठ्या दुःखापुढे ही केवढीशी गोष्ट! पण दुःखाला शेपूट असतं, आणि कधीकधी शेपटावर पाय पडला की जास्त दुखतं.

रविवारी सकाळी मी गोळाभात करायला घेतला. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे वळायचे, भातात ठेवून वाफवायचे आणि वाढताना वरून हिंग, मोहरी, लाल मिरचीची चुरचुरीत फोडणी घालायची. बाबांचा जीव की प्राण. मुकुंद गाडीची किल्ली बोटावर फिरवत स्वयंपाकघराच्या दारात आला.

"ते खाणार नाहीत, माहितीये ना?"

"माहितीये."

"मग हा एवढा?"

"आपण खाऊ."

"आपण दोघं? हा?" त्यानं पातेल्यात डोकावून पाहिलं. "मंजू, यात अख्खा मजला जेवेल."

"तू निघ. आणि वाटेत पेट्रोल भर, काटा खाली आलाय."

"भरतो, भरतो," म्हणत तो गेला. 'भरतो' दोनदा म्हणाला म्हणजे भरणार नाही, हे खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दहाच्या सुमाराला बाबांचा फोन आला. आवाज एकदम कॉलेजातल्या पोरासारखा.

"उतरलो! मंजू, गोदावरी पाहिली. मग कृष्णा पाहिली. जन्मभर फळ्यावर खडूनं काढल्या, आज वरून पाहिल्या. माझी कृष्णा जरा जास्तच वाकडी यायची, पोरांना चुकीचं शिकवलं. अन् पोट बघ, सकाळचं तसंच्या तसं भरलेलं आहे."

"पाणी प्यायलात का?"

"विमानात प्यायलो ना. ते विमान काही तुझं नाही." मग जरा नाराजीनं म्हणाले, "नागपूरच्या विमानतळावर मात्र त्या सुरक्षावाल्या पोरानं माझ्या बाटलीतलं पाणी मलाच पिऊन दाखवायला लावलं. जसं काही मी विष घेऊन चाललो होतो. बरं, मुकुंदराव दिसले. दहा मिनिटांत येतोच."

"दहा मिनिटांत?"

"मग? विमानतळापासून घर किती लांब असणार?"

चूक कुठे झाली ते इथे माझ्या ध्यानात आलं. नागपुरात आमचं घर प्रतापनगरात. तिथून विमानतळ म्हणजे भाजी आणायला जावं इतका जवळ. विमानं आमच्या गच्चीवरून उतरतात, आई वाळवणावर सावली पडली की वर बघून "आलं मुंबईचं" म्हणते. बाबांनी नागपूर ते बंगळूर हवेतलं अंतर अगदी काटेकोर मोजलं होतं, पण दोन्हीकडे विमानतळ गच्चीपाशीच असतो असं धरून. आमचं घर शहराच्या दक्षिण टोकाला आणि विमानतळ नुकताच शहराबाहेर, पार उत्तरेला गेलेला. मधे सगळं बंगळूर आडवं पसरलेलं.

त्यानंतर बाबांचे फोन येत राहिले आणि दर फोनला आवाज बारीक होत गेला.

"मंजू, हा विमानतळ बंगळूरचा नाही. मधल्या कुठल्या तरी गावाचा असावा."

मग काही वेळानं, "मुकुंदराव म्हणतात अर्धा रस्ता झाला. मला नाही वाटत."

मग शेवटी, "एक तास चाळीस मिनिटांत मी तीन राज्यं पाहिली, अन् आता केव्हापासून एका औषधाच्या दुकानासमोर उभा आहे. दुकानदाराची ओळख झाली. चांगला माणूस आहे, हुबळीचा."

ते दारात आले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. परतीचं विमान संध्याकाळचं, आणि मुकुंदच्या हिशेबानं फार तर दीडला निघायलाच हवं होतं. पाच-सहा तास लेकीकडे बसायचं म्हणून निघालेला माणूस तासाभराचा पाहुणा झाला होता. पण बाबा हसतमुखानं आत आले. एका हातात पिशवी, तिच्यात संत्रा बर्फी, माझ्यासाठी साडी, आईनं दिलेल्या कुरडया. दुसऱ्या पिशवीत दोन बाटल्या पाणी आणि चिवड्याचा डबा, तो त्यांचा स्वतःचा. लेकीकडे द्यायला चालतं, घ्यायला चालत नाही.

मी वाकून नमस्कार केला. बाबांनी पाठीवर हात ठेवला आणि ते घर पाहायला लागले. असं घर कुणी पाहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. गॅलरीत जाऊन उत्तर कुठली ते ठरवलं. कढीपत्त्याच्या कुंडीत बोट घालून माती ओली आहे ना ते पाहिलं. खिडकीचं दार उघडून मिटून बघितलं. मुकुंद मागे मागे हात बांधून, जसा काही शाळा तपासायला साहेब आला आहे. शेवटी बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबले आणि त्यांनी नाक वर केलं.

"गोळाभात?"

"हो."

"भरडा कुठला?"

"तुम्हीच पाठवलेला. तांदूळ आईनं दिलेला. मिरच्या भिवापूरच्या, काकूनं दिल्या होत्या." मी संधी सोडली नाही. "सगळं माहेरचंच आहे, बाबा. यात माझ्या घरचं काय आहे सांगा?"

बाबांनी पातेल्याकडे पाहिलं, मग पातेल्याखाली पाहिलं.

"गॅस," ते म्हणाले. "गॅस मुकुंदरावांचा आहे."

मुकुंद हसला. मीही हसले आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. बाबा बाहेर जाऊन सोफ्यावर बसले आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या शारदम्मा आल्या. पोक्त, प्रेमळ बाई. माझे वडील येणार हे त्यांना आठवडाभर ऐकवून मी भंडावून सोडलं होतं. हातात स्टीलचा पेला आणि वाटी, वर फेस आलेली कॉफी.

"नमस्कार सार. थोडा कॉफी. मेरा घर का है," त्या म्हणाल्या.

बाबा उठून उभे राहिले, हात जोडले, पेला घेतला आणि चक्क प्यायले. वर "बहुत बढ़िया" म्हणाले. शारदम्मा खूश होऊन गेल्या.

मी बघत राहिले. "बाबा, त्यांच्या घरची कॉफी चालते?"

"का नाही चालणार? त्या काही माझी लेक नाहीत."

"म्हणजे परक्या बाईच्या हातचं चालतं आणि माझ्या हातचं पाणी चालत नाही."

"तसं नाही ते, बेटा."

"मग कसं आहे?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी माझ्या आईला शब्द दिलेला आहे," ते म्हणाले. हे उत्तर मी लग्नापासून ऐकत आले होते. त्याच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते.

मुकुंदनं हळूच घड्याळाकडे पाहिलं. "बाबा, निघायला हवं. आणि मंजू, एक सांगायचं होतं. गाडीत पेट्रोल नाहीये. येताना उशीर होत होता म्हणून थांबलो नाही. पंपापर्यंत जाईल बहुतेक."

"बहुतेक?" मी म्हटलं.

आणि माझा तोल गेला.

"मुकुंद, तुला मी सकाळी काय सांगितलं होतं? काटा खाली आलाय, भर. 'भरतो, भरतो' म्हणालास. एक काम, एकच काम सांगितलं होतं! मागच्या वेळी भर रस्त्यात गाडी ढकलली होती ती विसरलास? मी साडी खोचून ढकलत होते आणि तू आत बसून 'आणखी जोरात' म्हणत होतास. पाच वर्षांनी माझा बाप या घरात आलाय. एका तासासाठी! त्यातली तुझ्या पेट्रोलपायी किती मिनिटं गेली सांग. आणि हे असं तोंड काय करतोयस? उचल ती किल्ली!"

मुकुंदनं किल्ली उचलली. पण मी आता त्याच्याशी बोलतच नव्हते, नुसती बोलत होते.

"आणि बाबा, तुम्हीही ऐका. तुम्ही ज्याची वाट पाहताय ते व्हायचं नाहीये. मला मूल होणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तेव्हा तुम्ही असेच विमानानं येत जा, आपलं पाणी आपण प्या आणि परत जा. मरेपर्यंत!"

मुकुंदनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पायात चपला सरकवल्या. "पेट्रोल भरून येतो," तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, आणि दार हळू ओढून घेऊन जिना उतरला.

मी सोफ्याच्या कडेला बसले. रडणार नाही असं ठरवलं होतं, पण ठरवून काय होतं. बाबा जवळ आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"कधी कळलं?"

"मागच्या महिन्यात."

"अन् एकटीच घेऊन बसलीस."

"मुकुंद होता."

"तो होता, हो. मी नव्हतो." बाबांचा आवाज जड झाला. "सांगायचं होतंस ना, बेटा. विमान नसतं तरी आलो असतो."

त्यांनी मला रडू दिलं. खूप वेळानं, मी पदरानं नाक पुसलं तेव्हा, ते बंद दाराकडे बघत होते. वर्गात एखाद्या पोरानं अनपेक्षित उत्तर दिलं की ते असे बघायचे.

"मंजू, हा असाच जातो का?"

"कोण?"

"जावई. तू ओरडलीस की असाच चूपचाप जातो?"

मला प्रश्नच कळेना. "जातो बहुतेक वेळा. चूक त्याची असली की जातो. कधी उलटं बोलतोही."

"मग?"

"मग मी आणखी ओरडते."

"अन् हे बाहेरच्यांसमोर? म्हणजे आज मी होतो तरी तू थांबली नाहीस, ते जाऊ दे. पण त्याची आई आली की?"

"त्यांच्यासमोरही. त्या म्हणतात, बरं झालं कुणी बोलणारं मिळालं, माझं तर यानं कधी ऐकलं नाही."

"अन् तू गेल्यावर? मागून काही ऐकवतात का? की बाई फार तोंडाळ आहे, माहेरचं वळण, असं काही?"

"बाबा, काय विचारताय तुम्ही? नाही ऐकवत. कुणी ऐकवलं तर मी ऐकून घेईन का?"

"नाही घेणार," बाबा म्हणाले, आणि गंमत म्हणजे त्यांचा चेहरा उजळत चालला होता. ते सोफ्यावर बसले, मग परत उठले. "तुला गोदाआत्याचं सांगितलं नाही मी कधी."

गोदाआत्या बाबांची थोरली बहीण. मी तिला पाहिलं ते म्हातारपणी, भरल्या घरात, नातवंडांवर हुकूम सोडताना.

"तिला आर्वीला दिली होती. खटल्याचं घर. मी कॉलेजात होतो तेव्हा, आईबरोबर तिला भेटायला गेलो. गोदीनं ताट वाढलं, आई जेवली. दोन पोळ्या अन् वरण. लेकीनं प्रेमानं वाढलं, जेवली. आम्ही परत आलो, अन् तिच्या सासूनं महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं, विहीणबाई आल्या होत्या हो, चांगल्या जेवून गेल्या, लेक दिली अन् वसूल करायला आल्या. प्रत्येक जेवणाला हेच. गोदी मान खाली घालून पोळ्या लाटायची. तोंडातून शब्द नाही. काढायची सोयच नव्हती."

बाबा घोटभर पाणी प्यायले. आपल्याच बाटलीतलं.

"आईला हे कळलं तेव्हा तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. म्हणाली, माझ्या दोन पोळ्यांची किंमत पोरगी भरून राहिली. मग पुढं गोदीला मुलगा झाला. बारशाला आम्ही गेलो. सासू बाळाला कसलीशी मात्रा चाटवायला निघाली, अन् गोदी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, नाही चाटवायची. सगळं घर गार. सासूनं हात मागे घेतला. आई माझ्या कानात म्हणाली, नीळकंठा, पोरीला आवाज आला. आता जेवू."

बाबांनी बाटलीचं झाकण लावलं.

"आईनं माझ्याकडून शब्द घेतला तो त्याच दिवशी. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं खाऊ नको म्हणाली. त्या काळी बाईला आवाज मुलापायीच यायचा, म्हणून तिनं मूल म्हटलं. अन् मी इतकी वर्षं मुलाची वाट पाहत बसलो." बाबांनी कपाळावर हात मारला. "लोकांच्या पोरांना नकाशा वाचायला शिकवत होतो मी."

"बाबा..."

"आज तू त्या माणसाला त्याच्याच घरात..."

"माझ्या घरात," मी म्हटलं. आपोआप तोंडातून गेलं.

"मी दुसरं काय म्हणून राहिलो?" बाबा म्हणाले. "ऊठ. ताट घे. दीड वाजला, भूक लागली."

मी उठले. ताट घेताना हातातून निसटलं, जमिनीवर गोल गोल फिरलं आणि त्याचा आवाज सबंध मजल्याला गेला असावा. दुसरं घेतलं. कढल्यात तेल तापवलं, मोहरी टाकली, हिंग, भिवापुरी मिरच्या. भात वाढला, वर गोळे फोडून ठेवले, फोडणी ओतली. चुर्र झालं. लिंबाची फोड ठेवली. आणि तांब्याभांडं. आमच्या नळाचं, आमच्या माठातलं पाणी.

बाबा टेबलाशी बसले होते. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, जे ते घरी कधी फिरवत नसत, आणि भांडं उचलून आधी घोटभर प्यायले. मी समोर उभी. बसायचं सुचलंच नाही.

दार उघडलं. मुकुंद घामाघूम होऊन आत आला. "भरलं. पंपावर गर्दी होती, पण आता निघालो तर अजूनही..." आणि तो तिथेच थांबला. त्यानं बाबांकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मुकुंदराव, बसा जेवायला," बाबा म्हणाले.

"पण विमान?"

"ते उद्याही असतं. एक तास चाळीस मिनिटं तर लागतात." बाबांनी गोळा भातात कालवला. "अन् जरा तो फोन लावा नागपूरला. माझा हात खरकटा आहे."

मुकुंदनं फोन लावून बाबांच्या कानाशी धरला. आईचा आवाज मला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होता, विमानतळावर पोचलात का म्हणून.

"नाही पोचलो. मंजूकडे जेवून राहिलो," बाबा म्हणाले.

मुकुंदनं फोन बंद तर पडला नाही ना म्हणून पाहिलं.

"काय केलंय तिनं?" आईनं शेवटी विचारलं.

"गोळाभात."

"अन् मला इथं ठेवून तुम्ही एकटेच बसलात जेवायला?" आई म्हणाली. तिचा आवाज रडका होता की रागाचा, ते कळेना, दोन्ही असावं. "मी उद्याच्या गाडीनं निघते. त्या विमानात मी बसणार नाही. अन् जाऊन लगेच परत येणार नाही, महिनाभर राहणार आहे. सांगा तिला."

"तूच सांग, ती ऐकून राहिली," बाबा म्हणाले. मी नुसती मान हलवत होते, फोनवर ती आईला कशी दिसणार.

मुकुंदनं फोन ठेवला, हात धुतले आणि निमूटपणे बाबांच्या शेजारी बसला. मी त्यालाही वाढलं. बाबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला, गिळला. मी लग्न झाल्यापासून या घासाची वाट पाहत होते. माझं सगळं लक्ष त्यांच्या तोंडाकडे.

बाबांनी डोळे उघडले.

"मीठ जरासं कमी आहे," ते म्हणाले.

"मीठ बरोबर आहे, बाबा," मी म्हटलं. "गुपचूप जेवा."

मुकुंदनं घाईघाईनं आपलं डोकं ताटात घातलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून गुपचूप जेवायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. भात तीनदा वाढून घेतला त्यांनी, पण मिठाचं नाव काढलं नाही.